वाटण बघा, मग वाइन उघडा : नाशिकची शिराझ आणि मराठी ताट

‘लाल वाइन मटणासोबत, पांढरी माशासोबत’ हा नियम सगळ्यांच्या कानावर पडलेला असतो आणि आपल्या जेवणात घोटाळा तिथेच होतो. नाशिकच्या शिराझची एक बाटली उघडा. एका वाटीत कोल्हापुरी तांबडा रस्सा घ्या, दुसरीत सुकं मटण. मटण दोन्हीत तेच. रश्श्याचा भुरका मारून वाइनचा घोट घेतलात तर घसा जळतो, वाइन कडवट होते आणि तिचा फळाचा वास नाहीसा होतो. सुक्या मटणाच्या घासावर तीच वाइन मऊ लागते, जांभळाची आठवण करून देते आणि मागे मिऱ्याची हलकी चव राहते. दोन्ही वाट्यांत वेगळं आहे ते वाटण, तिखटाचं प्रमाण आणि पाणी. म्हणून मराठी ताटासाठी लाल वाइन निवडताना मांस कुठलं हे शेवटी विचारा. आधी विचारा, वाटण कसलं आहे, ते किती भाजलंय, त्यात गूळ आहे का आणि तिखट किती आहे.

बाटलीत काय असतं

शिराझ म्हणजे फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातलं सिरा हे द्राक्ष. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, गंगापूर धरणाचा परिसर आणि इगतपुरीकडचा भाग इथे वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत. राजीव सामंत यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि त्यानंतर वायनरींची संख्या वाढत गेली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

या वाइनची चव कळायची असेल तर छाटणी समजून घ्यावी लागते. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांतच सूक्ष्मघड निर्मिती होते, म्हणजे पुढच्या घडांची सुरुवात होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. फळ पावसाळ्यात येऊ द्यायचं नाही, यासाठी हा सगळा खटाटोप. घड पिकतो तो थंडी सरताना, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असताना.

वाइनचं द्राक्ष बाजारातल्या थॉमसन किंवा सोनाकासारखं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खाल्लं तर सालच जास्त चघळावी लागते, पण रंग आणि तुरटपणा त्या सालीतच असतो. लाल वाइनसाठी साखर साधारण 23-24 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) गेली की तोडणी होते. आंबवताना एका ब्रिक्समागे अंदाजे अर्धा टक्का किंवा थोडं जास्त अल्कोहोल तयार होतं, म्हणून लेबलवर बहुतेक वेळा 13 ते 14 टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसतो. उष्ण हवेत पिकताना द्राक्षातली आंबटाई लवकर उतरते. एकूण हिशेब असा: फळ भरपूर, अल्कोहोल बऱ्यापैकी, आंबटपणा मध्यम, तुरटपणा मऊ. ताटाशी जुळवताना हे चार शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

शिराझमधला मिऱ्याचा वास हा भास नाही. रोटंडोन नावाचा घटक या द्राक्षाच्या सालीत असतो आणि नेमका तोच काळ्या मिऱ्यातही असतो. आपल्या काळ्या मसाल्याशी या वाइनचं सख्य जमतं त्याचं एक कारण हे.

दुकानात शिराझशेजारी कॅबर्ने सोव्हिन्याँ असते. तिचा तुरटपणा जास्त आणि वासात ढोबळ्या मिरचीची छटा. झिनफंडेल जास्त फळाळ आणि गोडुस वासाची. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली या वायनरीने इटलीचं सांजोव्हेझे हे द्राक्ष लावलं आहे. त्याच्या वाइनमध्ये आंबटपणा अधिक असल्यामुळे टोमॅटो आणि चिंचेच्या भाज्यांपुढे ती शिराझपेक्षा जास्त टिकते. ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या बाटल्या बहुतेक ओकच्या पिंपात ठेवलेल्या असतात. त्यांना धुराचा, लवंगेचा, थोडा व्हॅनिलाचा वास असतो आणि तुरटपणाही थोडा अधिक. साध्या शिराझला साधा मसाला, रिझर्व्हला भाजलेला भारी मसाला, असा ढोबळ भेद करायला हरकत नाही.

विकत घेताना आणि घरी ठेवताना

नाशिकची साधी शिराझ ताजी प्यायची असते. लेबलवरच्या वर्षापासून दोन-तीन वर्षांत ती संपवावी, रिझर्व्ह पाच वर्षांपर्यंत चालते. जुनी म्हणजे भारी, हा समज या वाइनला लागू पडत नाही. पाच वर्षं दुकानाच्या फळीवर उभी राहिलेली साधी शिराझ स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

काचेजवळ, उन्हात किंवा दिव्याखाली मांडलेली बाटली सोडा आणि आतल्या खोक्यातली मागून घ्या. बूच असेल तर बाटलीच्या तोंडावर बोट फिरवून बघा. बूच किंचित वर आलेलं, किंवा वेष्टणाखाली चिकट ओघळ आलेला दिसला तर बाटली तापलेली आहे. फिरकीच्या झाकणाची वाइन हलकी, असा एक गैरसमज आहे. लवकर प्यायच्या वाइनला फिरकीचं झाकणच चांगलं, कारण बुचाची बुरशी लागायचा प्रश्नच येत नाही.

घरातली सर्वांत वाईट जागा म्हणजे फ्रीजच्या वर. तिथे फ्रीजची गरम हवा आणि कंप दोन्ही लागतात. दुसरी वाईट जागा ओट्यावरचं कपाट. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा बाहेर ठेवलेली बाटली आठवडाभरातही बिघडू शकते: फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या जॅमसारखा वास येतो. उन्हाळ्यात सरळ फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. बूच ओलं राहतं आणि दोन-तीन महिने काही होत नाही. थंडीत उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटाचा तळ पुरतो.

तापमान: निम्मं काम इथेच होतं

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हे वाक्य थंड देशांतल्या घरांचं आहे, तिथली खोली 17-18 अंशांची असायची. आपली खोली 28 ते 32 अंश. तीस अंशांच्या शिराझला नाकाजवळ नेलं की आधी अल्कोहोल झोंबतं, आणि चव खोकल्याच्या औषधाच्या जवळ जाते. उलट फ्रीजमधून थेट काढून सात-आठ अंशांना ओतली तर वास बंद पडतो आणि तुरटपणा टोचायला लागतो. हवं ते 16 ते 18 अंश.

खोली 30 अंशांची असेल तर बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात साधारण एक तास ठेवा. थंडीत, खोली 24 अंश असताना, 35 ते 40 मिनिटं पुरतात. फ्रीजमध्येच साठवलेली असेल तर उलटं करा: जेवणाच्या अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर काढा. पाहुणे दारात आहेत आणि बाटली गरम आहे, अशा वेळी पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवलं तर वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला सगळीकडून चिकटत नाहीत, पाणी चिकटतं. फ्रीझरमध्ये ठेवायची वेळ आलीच तर गजर लावा आणि वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. विसरलेली बाटली फुटते किंवा बूच बाहेर ढकलते.

थर्मामीटर नसेल तर हाताने ओळखता येतं. उन्हाळ्यातल्या चांगल्या मुरलेल्या माठाचं पाणी पेल्यात घ्या आणि पेल्याला हात लावा. बाटली त्याहून किंचित गार लागली की ओता. ग्लासात ती पाच-दहा मिनिटांत दोन अंश चढतेच, म्हणून सुरुवात थोडी गारच बरी.

उघडणं, हवा देणं, ओतणं

स्क्रू बुचाच्या मधोमध सरळ घाला आणि शेवटचा वेढा बाहेर ठेवा. पूर्ण आरपार गेला तर बुचाचे कण वाइनमध्ये पडतात. पडलेच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा, चवीला काही होत नाही.

ताज्या शिराझला कधी कधी उघडल्याबरोबर विझलेल्या काडीपेटीचा किंवा रबराचा वास येतो. वाइन खराब आहे असं समजून ओतून देऊ नका. बंद बाटलीत हवा न मिळाल्यामुळे तसं होतं. काचेच्या मोठ्या भांड्यात ओता आणि चहा वर-खाली करतात तशी तीन-चार वेळा दोन भांड्यांत फिरवा. वीस मिनिटांत वास जातो. रिझर्व्ह बाटलीला अर्धा तास हवा द्या. त्यापुढे उगाच ताटकळत ठेवू नका, विशेषतः गरम खोलीत.

ग्लास पातळ काचेचा, वर किंचित निमुळता असला की वास धरून ठेवतो. भरायचा एक तृतीयांश, म्हणजे 120 ते 150 मिलिलिटर. बाटली 750 मिलिलिटरची असते, तिच्यातून पाच ते सहा ग्लास होतात. चार माणसांच्या जेवणाला एक बाटली ठीक. स्टीलच्या पेल्यात ओतू नका. चव फारशी बिघडत नाही, पण रंग दिसत नाही आणि वास उडून जातो, म्हणजे निम्मी वाइन वाया.

जेवणाआधी पाच मिनिटांची चाचणी

कुठल्या पदार्थाबरोबर काय होईल हे पाठ करण्यापेक्षा एकदा जिभेला दाखवून द्यावं. एका ताटलीत पाच गोष्टी घ्या: लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, दहा-बारा भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा आणि टोकाएवढा मिरचीचा ठेचा. बाजूला साधं पाणी. आधी नुसत्या वाइनचा घोट घ्या आणि तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा. हिरड्यांवर कोरडेपणा कुठे येतो ते बघा, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी धरते तसा. तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या घटकाचा तुरटपणा.

लिंबू चाटून घोट घ्या: वाइन एकदम कमी आंबट आणि जास्त फळाळ वाटते. मीठ जिभेवर ठेवून घ्या: तुरटपणा बोथट होतो. शेंगदाणे नीट चावून घ्या: त्यांतलं तेल आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, वाइन गोलसर लागते. आता गूळ. खडा विरघळू द्या आणि मग घोट घ्या. मघाशी मऊ लागलेली तीच वाइन आता पातळ, आंबट आणि कडू लागेल, फळ गायब. शेवटी ठेचा. मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते आणि त्या जळजळीत तुरटपणाही दुप्पट वाटतो.

पुढचं सगळं याच पाच घोटांतून निघतं. मीठ, आंबट, स्निग्ध आणि भाजलेलं शिराझच्या बाजूचं. गोड आणि जहाल तिखट तिच्या विरोधात.

वाटणानुसार जोड्या

*भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस, काळा मसाला.* हे शिराझचं घर. सुकं मटण, सुकं चिकन, खिमा, सुकी कलेजी, सगळं चालतं. खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल तुरटपणाला पोटात घेतं, भाजल्याचा खमंगपणा पिंपाच्या धुराशी जुळतो, आणि दगडफूल, मसाला वेलची, मिरे वाइनच्या वासाशी एकाच सुरात लागतात. रस्सा नको, कारण पातळ गरम रश्श्याने तोंड ओलं आणि गरम राहतं. त्यावर वाइन विरळ लागते आणि तिचं अल्कोहोल उसळतं. भाकरीच्या तुकड्याला लपेटलेलं सुकं हवं.

एक किलो मटणाचं वाइनसाठी जुळवलेलं प्रमाण असं. हाडासकट तुकड्यांना एक चमचा हळद, दोन चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण वाटण लावून तासभर ठेवा. वाटणाला दोन मोठे कांदे उभे चिरून, 60 ग्रॅम सुकं खोबरं किसून, एक मोठा चमचा तीळ, एक मोठा चमचा खसखस, एक मोठा चमचा धणे, दहा-बारा मिरे, चार लवंगा, दोन बोटभर दालचिनी, एक मसाला वेलची आणि चमचाभर दगडफूल. मिरच्या पाच, त्याही बेडगी. बेडगीने रंग येतो आणि तिखटपणा आटोक्यात राहतो. लवंगी मिरची किंवा तिखटजाळ कांदा-लसूण मसाला इथे नको. झणका हवा असेल तर मिरे वाढवा, मिऱ्याचा तिखटपणा ही वाइन सहन करते, नव्हे, तिला तो आवडतो.

चूक होते ती भाजताना. खोबरं तांबूस झालं की लगेच उतरवा, कारण गरम तव्यावर ते पुढेही भाजत राहतं. काळं पडलं तर कडू होतं, आणि ते कडूपण टॅनिनच्या कडूपणात मिसळून वाइन प्यावीशी वाटत नाही. जेवणात रस्सा-भात असता तर ते खपून गेलं असतं, इथे खपत नाही. कांद्याचंही तसंच: सोनेरी-तपकिरी झाला की थांबा. अगदी गडद, गोड होईपर्यंत परतला तर त्याचा गोडवा गुळासारखंच काम करतो. मसाले कोरडे, वेगवेगळे, मंद आचेवर भाजा, खसखस सर्वांत शेवटी.

कुकरमध्ये मटण थोड्या पाण्यात चार-पाच शिट्ट्यांत शिजवून घ्या, मटण कोवळं असेल तर तीन पुरतात. कढईत चार मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवून वाटण आठ-दहा मिनिटं परता. कडेने तेल सुटायला लागलं की त्याच शिराझचे 75 मिलिलिटर घाला आणि चार-पाच मिनिटं उघड्यावर आटू द्या, कच्चा वास जाईपर्यंत. मग मटण आणि त्याचं पाणी घालून मोठ्या आचेवर आटवा. मसाला तुकड्यांना चिकटला, पातेल्याच्या तळाशी पाणी उरलं नाही, की झालं. साखर, गूळ, टोमॅटो सॉस काही नाही. आंबटपणा हवा असेल तर दोन आमसुलं. मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त चालेल, ते वाइनला मऊ करतं.

*गोडा मसाला, चिंच, गूळ.* भरली वांगी, मसाल्याचं वांगं-बटाटा, वालाची उसळ. गोडा मसाला आणि शिराझ यांचे वास जुळतात, अडतो तो गूळ. चार जणांच्या भरल्या वांग्यांत सुपारीएवढा गूळ घालत असाल तर वाटाण्याएवढा घाला आणि दाण्याचं कूट दीडपट करा. चिंच तशीच राहू द्या. या एका बदलाने भरली वांगी शाकाहारी जेवणात या वाइनची सर्वांत चांगली जोडीदार होतात. कटाची आमटी किंवा गोड वरण मात्र सोडून द्या.

*ओलं खोबरं, नारळाचं दूध, कोकम.* कोंबडी-वडे चालतात, कारण मालवणी मसाल्यात भाजलेलं अंग असतं आणि वडा स्निग्ध असतो. पण नारळाचं दूध जास्त झालं की त्याचा गोडवा आड येतो. मासे मात्र नकोत. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात शिळ्या माशाचा, धातूसारखा वास उठतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना हे फार जाणवतं. ताज्या सुरमईवरही गृहिणीला उगाच बोल लागतो की मासा ताजा नव्हता, आणि दोष असतो ग्लासातल्या लाल वाइनचा. तिसऱ्या, कोळंबी, बोंबील, सुकट यांनाही हेच लागू. त्यांना नाशिकचीच पांढरी वाइन, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ, थंडगार द्या.

*जहाल तिखट.* नागपूरचं सावजी, कोल्हापूरचा तांबडा रस्सा, खानदेशी शेवभाजी, झणझणीत मिसळ. यांच्यापुढे शिराझ हरते आणि जेवणाऱ्याचेही हाल होतात. तिखट कमी करून सावजी खाण्यात अर्थ नाही, तो पदार्थच राहत नाही. त्या दिवशी लाल बाजूला ठेवा. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, जास्त शोभते. पांढऱ्या रश्श्यालाही, काजू आणि नारळाच्या दुधामुळे, पांढरीच बरी.

शाकाहारी ताट

भरीत हा पहिला मान. खानदेशी भरिताची हिरवी किंवा पांढरट मोठी वांगी काट्याकुट्यांवर किंवा निखाऱ्यावर भाजलेली, त्यात शेंगदाण्याचं तेल, लसूण, कांद्याची पात. धूर आणि तेल दोन्ही शिराझला हवेच असतात. हिरव्या मिरच्या निम्म्या करा आणि ठेचून घालण्याऐवजी तेलात परतून घाला. बाजरीची भाकरी या जोडीला आणखी आधार देते.

कराड-सांगलीकडचा अख्खा मसूर मटणाची जागा घेऊ शकतो. मसूर दाटच ठेवा, चमच्यातून ओघळता कामा नये. भाजणीचं थालीपीठ आणि लोणी ही जोडी तर सरळसोपी: धान्यं भाजलेली, वर स्निग्ध पदार्थ, मीठ. दही मात्र बाजूला ठेवा, कारण दह्याच्या आंबटपणात आणि गारव्यात वाइन धातूसारखी लागते. पिठलं घट्ट असेल, लसणाची फोडणी चांगली खमंग असेल, तर चालतं. पातळ पिठलं-भात नको. पनीर स्वतः फिकं असतं, त्याला काळ्या मसाल्यात घोळवून तव्यावर कडा लाल होईपर्यंत परतलं तरच काही अर्थ.

साधं वरण-भात, तूप, मेतकूट यांच्यासोबत ही वाइन ओढून ताणून बसवू नये. ते पदार्थ मवाळ, वाइन त्यांना गिळून टाकते.

ताटाची डावी बाजूही सांभाळावी लागते. लोणचं, मिरचीची चटणी, दह्याची कोशिंबीर हे वाइनच्या घोटाच्या आधी खाल्लं तर सगळी मेहनत फुकट. त्याऐवजी तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेला पापड, मिठात चोळलेला कांदा ठेवा. सोलकढी जेवण संपल्यावर, ग्लास रिकामा झाल्यावर. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्याबरोबर कोरडी लाल वाइन अजिबात नको, गुळाच्या खड्याचा तो अनुभव पुन्हा येईल. गोडाबरोबर काही हवंच असेल तर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन, तीही छोट्या पेल्यात.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा. घास चावून गिळा, मग घोट घ्या. तोंडात घास असताना वाइन ओतली तर मसाल्याचा खरखरीतपणा आणि तुरटपणा एकत्र येतात. प्रत्येक दोन-तीन घोटांनंतर साधं पाणी प्या, बर्फाचं नको, नाहीतर जीभ बधिर होते.

काहीतरी बिघडलं तर

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास येत असेल तर बुचाची बुरशी लागलेली आहे. हवा दिल्याने तो वास जात नाही, उलट वाढतो. बाटली परत न्या. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास असेल तर जिवाणूंनी काम केलेलं आहे, तीही प्यायची नाही. रंग विटकरी-तपकिरी आणि वास सुक्या खजुरासारखा, तर वाइन जुनी झाली किंवा हवा लागली. तळाशी गडद गाळ किंवा चकाकते खडे दिसले तर घाबरू नका. गाळ रंगद्रव्याचा आणि खडे टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात. बाटली तासभर उभी ठेवून हलक्या हाताने ओता आणि शेवटचा बोटभर भाग सोडून द्या.

वाइन चांगली आहे पण ताटात जमत नाही, असंही होतं. कडू लागत असेल तर खाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब घाला. जळजळ होत असेल तर बाटली बर्फाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून 14-15 अंशांपर्यंत आणा, आणि ताटात दाण्याचं कूट किंवा तुपाचा हात वाढवा. फिकी, पाणचट वाटत असेल तर ताटात रस्सा शिरला आहे, तो आटवा. आंबट लागत असेल तर कुठेतरी साखर किंवा गूळ आहे. बहुतेक वेळा तो कोशिंबिरीत किंवा बाहेरून आणलेल्या चटणीत सापडतो.

उरलेली वाइन तशीच टेबलावर ठेवू नका. झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस बरी राहते. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली की एक-दोन दिवस जास्त मिळतात. प्यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढा. चौथ्या दिवशी चव उतरलीच तर 100 मिलिलिटर वाइन, आलं-लसूण, मीठ आणि कुटलेले मिरे लावून मटण रात्रभर फ्रीजमध्ये मुरत ठेवा. लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात नको, आम्लामुळे धातूची चव उतरते. काच, चिनी माती किंवा स्टील चालेल.